माझ्या सुनेनं केली तक्रार

आमच्या गल्लीमागच्या नाल्यात एक टेम्पो दिवसाढवळ्या बांधकामाचा राडारोडा ओतून जायचा. लोक नुसती नाकं मुरडायचे. एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना तो पुन्हा आला. मी लगेच मोबाइलवर फोटो काढला. गाडीचा नंबर, पडणारा राडारोडा आणि मागचा पूल, सगळं त्यात स्पष्ट आलं.

"नसत्या भानगडीत पडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. तरीही मी तो फोटो पालिकेच्या तक्रार क्रमांकावर पाठवला आणि जागा, वेळ कळवली.

त्याच आठवड्यात पालिकेचे निरीक्षक आले. टेम्पोवाल्याला दंड तर झालाच, शिवाय सगळा राडारोडा त्यालाच उचलायला लावला. बघायला अख्खी गल्ली जमली.

निरीक्षक मला हळूच म्हणाले, "ताई, काळजी करू नका. तुमचं नाव गुप्तच राहील."

"गुप्त कशाला?" सासूबाई मागून कडाडल्या. "माझ्या सुनेनं केली तक्रार!"

मग त्या शेजारणींकडे वळल्या आणि, "फोटोत गाडीचा नंबर दिसलाच पाहिजे बरं का," असं ऐटीत समजावू लागल्या. मला हसू आलं, पण मान मात्र ताठ झाली होती.