खोक्याखालचा रंग

काशिनाथला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. पापडीच्या वाडीत आंब्याखाली लाल ट्रॅक्टर घरघरत उभा, बॉनेट उघडं, आणि हा सत्तरीचा गृहस्थ त्याच्याभोवती घिरट्या घालतोय. पाना उचलायचा, ठेवायचा, परत तोच उचलायचा. धोतराला ग्रीस पुसायचं आणि मग धोतराकडे बघून स्वतःवरच चिडायचं.

"अहो, चहा निवला," लीला ओटीवरून म्हणाली.

"निवू दे."

"फर्डिनंडभाऊंनी घेतलासुद्धा."

"त्याला काय, तो उद्या चालला."

खरं दुखणं तेच होतं. ट्रॅक्टर काशिनाथच्या वडिलांनी घेतलेला, आता त्याचे भाग भंगारवाल्यांकडेही मिळत नाहीत. त्याच्या डॅशबोर्डवर एक छोटा काटा आहे. इंजिन चालू असताना तो अधिककडे झुकला की समजायचं, डायनामो बॅटरी भरतोय. गेल्या दसऱ्यापासून हा काटा मध्यावर जो ढिम्म बसला तो बसला. बॅटरी भरत नाही, म्हणून स्टार्टर फिरत नाही. मग रोज सकाळी शेजारच्या वाडीतून फर्डिनंड आपला टेम्पो घेऊन येणार, केबली लावून टेम्पोच्या बॅटरीवर ट्रॅक्टर चालू करून देणार, आणि आंब्याखालच्या खुर्चीत बसून चहा पिणार. ट्रॅक्टरवर पंप चालायचा आणि वाडीच्या तळ्यातलं, बावखलातलं पाणी पलीकडच्या सोनचाफ्याला जायचं. तिकडे विजेचं मीटर नाही, आणि दिवस उन्हाळ्याचे. चाफ्याला पाणी चुकलं की कळ्या झाडावरच काळ्या पडतात.

आणि आता फर्डिनंड चंदनसारला लेकीकडे राहायला जाणार होता. प्रिस्का, त्याची बायको, मागच्या पावसाळ्यात गेली. मर्लिन तेव्हापासून बापाच्या मागे लागलेली, एकटे राहू नका म्हणून. सामान गेलं होतं. टेम्पोचा सौदाही झाला होता, उद्या गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार. म्हणजे काटा आजच्या आज हलायला हवा होता, नाहीतर उद्यापासून सोनचाफा रामभरोसे.

काशिनाथने काय केलं नव्हतं? नवी बॅटरी आणली. पट्टा ताणला. डायनामोचे ब्रश बदलले. माणिकपूरच्या दुकानात डायनामो उतरवून नेला, तिथल्या पोराने तपासून सांगितलं, काका, हा ठणठणीत आहे, पण ट्रॅक्टर आता एखाद्या रिसॉर्टच्या दारात उभा करा, लोक फोटो काढतील. काशिनाथ त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. मुलगा तेजस फोनवर म्हणाला, बाबा, घरी एक चार्जर घ्या, रात्रभर लावून ठेवायचा. "रोज सलाइन लावून उठवायला तो काय आजारी आहे?" असं म्हणून काशिनाथने फोन ठेवला. हट्टी माणूस. पण हट्टाचं पाणी चाफ्याला घालता येत नाही, हे त्यालाही कळत होतं आणि म्हणूनच तो असा पिसाळला होता.

त्याने पुन्हा तपासायचा बल्ब घेतला. एक वायर डायनामोच्या टोकाला, दुसरी डायनामोच्या अंगाला. बल्ब लखलखला. म्हणजे करंट तयार होतोय. मग तो जातो कुठे?

"दसऱ्यापासून हेच चाललंय तुझं," खुर्चीतून फर्डिनंड म्हणाला. "बस जरा. आज तरी बस माझ्याजवळ."

"बसून पाणी चढणार आहे का?"

फर्डिनंड रिकामा कप हातात फिरवत राहिला.

घाईघाईत दुसरी वायर डायनामोऐवजी बाजूच्या खोक्याच्या झाकणावरच्या उघड्या स्क्रूला टेकली. हा खोका म्हणजे कटाऊट. डायनामोचा करंट बॅटरीत सोडायचा की नाही ते हा ठरवतो. बल्ब विझलेलाच राहिला. काशिनाथने वायर उचलून ट्रॅक्टरच्या एका उघड्या बोल्टला लावली. पेटला. परत खोक्याला. विझला.

तो क्षणभर तसाच वाकून उभा राहिला. खोका बोल्टने ट्रॅक्टरच्या अंगावर बसवलेला, म्हणजे दोघांचं लोखंड एकच असायला हवं. इथे तर खोका अंगावर असून नसल्यासारखा. त्याला अर्थिंगच मिळत नव्हतं, मग तो बिचारा करंट सोडणार कसा?

काशिनाथने इंजिन बंद केलं आणि बोल्ट काढायला घेतले. खोका सुटून हातात आला. मागे लालभडक, जाड, गुळगुळीत ऑइलपेंट. बोल्टच्या भोकांतसुद्धा रंग भरलेला, आणि खोक्याच्या पाठीवरही रंगाचे दोन हात.

"सापडलं," तो म्हणाला. "अरे फर्डिनंड, सापडलं."

फर्डिनंड बघायला उठला नाही.

"खोक्याखाली रंग आहे ना," तो खुर्चीतूनच म्हणाला.

काशिनाथने मान वळवली. वाडीत आता काहीच घरघरत नव्हतं, त्यामुळे ते वाक्य नीट ऐकू आलं होतं.

ट्रॅक्टरला दरवर्षी रंग फर्डिनंडच लावायचा. आगेऱ्याला, सुगीच्या सणाला, नव्या भाताच्या पेंढ्या चर्चला याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायच्या, आणि पुढे दसऱ्याला याच ट्रॅक्टरला लीला कुंकू लावून झेंडूचा हार घालायची. दोन सण, रंग एक. फर्डिनंडचं काम नखाएवढी जागा न सोडणारं. गेल्या वर्षी, प्रिस्का गेल्यावर, हाताला काहीतरी हवं म्हणून त्याने सुट्टे होतील ते सगळे भाग सुट्टे करून, मागूनपुढून रंगवून परत बसवले होते.

"तुला कधी कळलं?"

"ईस्टरआधीच्या उपवासकाळात. एकदा तू पट्ट्याशी झटत होतास, मी बल्ब लावून बघितला."

"आणि बोलला नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी आलो तर वहिनींनी चहा ओतून ठेवलेला. म्हटलं, उद्या सांगू." फर्डिनंडने कप जमिनीवर ठेवला. "काशिनाथ, घरात सकाळी उठून कोणासाठी काही करायचं उरलं नव्हतं रे. इथे निदान ट्रॅक्टर अडलेला असायचा."

काशिनाथला राग आला, चांगलाच आला. एवढी धावपळ, त्या माणिकपूरच्या पोराचं ऐकून घेणं, रात्रीची उडालेली झोप. तो ट्रॅक्टरच्या मागे गेला, पुढे आला. ओटीवर लीला पदराने डोळे टिपत होती, तिच्याकडे त्याने बघायचं टाळलं. मग पॉलिश पेपर घेऊन तो खाली बसला आणि रंग खरवडू लागला. फर्डिनंड उठला, शेजारी येऊन उकिडवा बसला आणि खोक्याची पाठ घासू लागला. खालून पांढरं, स्वच्छ लोखंड निघालं.

बोल्ट नुसते अडकवून फर्डिनंडने शेवटच्या वेळी केबली लावल्या. ट्रॅक्टर खोकला आणि चालू झाला. केबली काढल्या. काशिनाथने ॲक्सिलरेटर ओढला आणि काटा, तो मेला काटा, थरथरत उठून अधिककडे गेला आणि तिथेच थांबला.

ज्यासाठी जीव टाकला होता ते झालं, आणि काशिनाथला काडीचा आनंद होईना. उद्यापासून ट्रॅक्टर आपला आपण चालू होणार. कोणाचा टेम्पो नको, कोणाची वाट बघायला नको. त्याने इंजिन बंद केलं, तडक पडवीत गेला आणि कोपऱ्यातला लाल रंगाचा अर्धा डबा नि ब्रश घेऊन आला.

"खोका अजून सैलच आहे," तो फर्डिनंडकडे न बघता म्हणाला. "लाव परत."

फर्डिनंड डब्याकडे बघत राहिला. हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही.

"टेम्पो विकला रे," तो म्हणाला.

काशिनाथने मान हलवली. डबा खाली ठेवला, पाना घेतला आणि खोक्याचे बोल्ट एकेक करून घट्ट आवळले.

"आगेऱ्याला बसने ये," तो बोल्टकडे बघत म्हणाला. "रंग तूच लावायचास."