पंधराव्या दिवसाचा आंबा

रावजी मुंबईहून रत्नागिरीला आला तो मोठ्या तोऱ्यात. गोष्ट एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यातली. त्याच्या कंपनीने आगबोटीने इराकातल्या बसऱ्याला हापूस पाठवायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी एक पारखी नेमायचा होता. झाडावरचा कुठला आंबा कधी उतरवायचा, हे सांगणारा माणूस. नोकरी बारमाही, पगार दरमहा.

आजवर अशा जागा कोणाच्या तरी मेहुण्याला मिळायच्या. पण कंपनीचा व्याप वाढत होता आणि मोठ्या साहेबांना नव्या पद्धतीचं वेड लागलं होतं. माणूससुद्धा पारखूनच घ्यायचा, असा त्यांचा हुकूम. मग वर्तमानपत्रात जाहिरात आली, रावजीने वीस प्रश्नांची प्रश्नपत्रिका काढली आणि मिरकरवाडा बंदराजवळच्या एका भाड्याच्या वखारीत तो टेबल मांडून बसला. आंब्यातलं त्याला काय कळत होतं म्हणाल, तर कापलेली फोड गोड लागते एवढं.

सात उमेदवार आले. सहा जण दाखले घेऊन आलेले, त्यातला काशीराम तर मॅट्रिक. सातवी तुळसा. तिचा नवरा धाकू बसऱ्याला जाणाऱ्या गलबतावर खलाशी होता. गेल्या साली डोलकाठीवरून पडून त्याची कंबर मोडली आणि तो घरी खाटेला खिळला. तुळसा हंगामात बागांमधून आंबे भरायला जायची, आणि हंगाम संपला की हात रिकामे. घरात चार तोंडं. ही जागा मिळाली तर पावसाळ्यातही चूल पेटणार होती.

"मला लिवता येत नाय," तिने सांगून टाकलं. "तोंडी काय ता इचारा."

रावजीने नियम चाळून पाहिले. बाईला नाही म्हणायला एकही नियम सापडेना, तेव्हा त्याने तिला निदान पुढच्या परीक्षेला बसू दिलं. खोटं कशाला बोला, मनातल्या मनात तो हसला.

पुढची परीक्षा बागेत होती. प्रत्येकाने बारा आंबे उतरवायचे, पेंढ्यात घालून पेटीत भरायचे, पेटीवर मोहरेची लाख लावायची. नवव्या दिवशी पेट्या उघडायच्या. ज्याचे सगळ्यात जास्त आंबे पिकलेले निघतील, त्याची नोकरी. "आणि माल बसऱ्याला जायचा आहे, हे ध्यानात असू द्या," असं रावजीने भारदस्त आवाजात बजावलं.

बाकीचे तासाभरात मोकळे झाले. तुळसा कातळावरच्या उन्हात तिसऱ्या प्रहरापर्यंत हिंडत होती. एकेका फळाखाली उभी राहायची, देठाजवळचा फुगवटा बघायची, मान हलवून पुढे जायची. रावजी छत्री धरून तिच्या मागे फिरून फिरून घामाघूम झाला.

नवव्या दिवशी पेट्या उघडल्या. काशीरामचे बारापैकी नऊ आंबे पिवळेधमक. इतरांचे कुठे पाच, कुठे सहा. तुळसाच्या पेटीतले बाराच्या बारा हिरवेगार, दगडासारखे टणक. उमेदवार खो खो हसले. तिला परीक्षेला बसू दिलं म्हणून रावजीलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुळसा मात्र चिडली. "एवढ्यात पेटी कशी उगडलीत?"

"नववा दिवस आहे, बाई."

"नवव्या दिवशी तुमचा आंबा दर्यात असंल, सायेब. तिथं खानार कोन, मासे?" ती बोटांची पेरं मोजू लागली. "हितून मुंबई एक दिवस. गोदीत तीन. बसऱ्यापत्तोर धा. उतरवायला एक. पंदरा झाले. आमच्या घरातले सात वर्सं जात व्हते. त्यांच्या वळकटीत आंबे मीच बांधून दिले. त्यांचं गलबत वाऱ्यावर चालायचं, तुमची आगबोट, म्हनून दिवस कमी धरले."

रावजीने नियमांचा कागद पुन्हा पुढे ओढला. नववा दिवस त्याने कशावरून ठरवला होता? दहाव्या दिवशी परतीच्या बोटीचं तिकीट होतं, त्यावरून. बसऱ्याचं नाव त्याने घेतलं होतं ते नुसतं रुबाबासाठी. ऐकलं होतं फक्त हिने.

नियमाने नोकरी काशीरामची होती. रावजीने तुळसाची पेटी पुन्हा बंद केली, वर लाख लावली आणि निकालाला सहा दिवस लागतील असं मुंबईला कळवलं. साहेबांची तार आली: नाव पाठवा, नाहीतर राजीनामा पाठवा. तार खिशात घालून तो सहा दिवस वखारीतच झोपला. पेटीला त्याने बोट लावलं नाही.

पंधराव्या दिवशी पेटी उघडायच्या आधीच वास बाहेर आला. काशीरामही मुद्दाम आला होता. रावजीने वरचा पेंढा काढला. दहा आंबे एकाच रंगाचे, केशरी, एकावरही डाग नाही. झाडावर पानाआड लपलेल्या फळाचा पंधरा दिवसांनंतरचा दिवस या बाईने डोळ्यांनी बघितला होता. त्याचे हात आपसूक जोडले गेले.

"दोन हिरवे आहेत," काशीराम हळूच म्हणाला.

होते खरे. रावजीने ते दोन्ही दाबून पाहिले.

"ते हिरवेच हवेत," तुळसा म्हणाली. "ह्यो उद्याचा आनि ह्यो परवाचा. तुमची बोट कंदी येळेवर पोचलेली बघितलीत?"

रावजी बाजूच्या रिकाम्या पेटीवर बसला. त्याच्या वीस प्रश्नांत बोटीला उशीर झाला तर काय, हा प्रश्न नव्हता. मोठ्या साहेबांच्या सबंध कचेरीत तो कोणाला सुचला नव्हता. जन्मात त्याला स्वतःपेक्षा इतकं मोठं माणूस भेटलं नव्हतं, आणि ते समोर पदराने घाम पुसत उभं होतं. त्याने नेमणुकीच्या कागदावर तुळसाचं नाव लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली.

तिने हात मागे घेतला. "थांबा. अजून दोन आंबे हायत."

रावजी थांबला. एक आंबा दुसऱ्या दिवशी पिकला, दुसरा त्याच्या पुढच्या दिवशी, आणि तेव्हा कुठे तिने कागदावर अंगठा उठवला.