रुमालाखाली वाटून घेतलेलं पुस्तक

आंतरराष्ट्रीय व्यापार हा विषय मी एकतीस वर्षं शिकवला. त्यातलं निम्मं मला बैलांच्या एका दलालाच्या मुलानं शिकवलं होतं. वर्गात हे मी कधी बोललो नाही. आता निवृत्त झालोय, कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही.

त्याचं नाव वाहिद. तो खांडबाऱ्याचा, मी ब्राह्मणपुरीचा, गुजर शेतकऱ्याच्या घरातला. धुळ्याला बी.ए. करताना आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. त्याच्या घरून शेवया आल्या की मी असा तुटून पडायचो, की पुढं पुढं त्याची आई डब्यावर माझंच नाव लिहून पाठवायला लागली. प्राध्यापक व्हायचं हे खरं म्हणजे त्याचं स्वप्न. मी ते त्याच्याकडून उचललं. चांगली गोष्ट दिसली की उचलायची, ही माझी जुनी खोड.

बी.ए. झाल्यावर मी शहाद्याच्या एका हायस्कुलात मास्तर झालो आणि वाहिद वडिलांच्या धंद्यात गेला. तरी दोघांनी ठरवलं, पुणे विद्यापीठाचं एम.ए. बाहेरून करायचं. बाहेरून म्हणजे ना वर्ग, ना गुरू, ना ग्रंथालय. वर्षाकाठी एकदा पुण्याला जायचं आणि पेपर लिहून यायचं. त्यातला सगळ्यात अवघड पेपर आंतरराष्ट्रीय व्यापाराचा. त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाहिदनं पुण्याच्या जुन्या बाजारातून पैदा केलं, दोघांत मिळून एकच. ते साल सहासष्ट. जूनमध्ये सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं होतं आणि शहाद्याच्या स्टँडवर चहा पिताना माणसं मला विचारायची, "सर, रुपया पडना म्हंजे नेमकं काय व्हयनं?" मी घोट घेत म्हणायचो, "बघू आता, काय होतं ते." मला तरी कुठं ठाऊक होतं!

पावसाळ्यात वाहिद पुस्तक घेऊन ब्राह्मणपुरीला आला. ओसरीवर बसून त्यानं मला पहिला सिद्धांत समजावला. एक देश दोन्ही वस्तू दुसऱ्यापेक्षा चांगल्या बनवतो, तरी त्यानं दोन्ही बनवू नयेत. ज्यात आपली सरशी जास्त, तेवढंच करावं आणि बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. दोघांचाही फायदा होतो. मी म्हटलं, हे काही पटत नाही. तेवढ्यात आई, म्हणजे जसोदाबाई, चहा घेऊन आली आणि आपल्या धाकट्या जावेचा दाखला देत मध्येच बोलली.

"यामा नवं काय शे? मन्ही देरानी रेवा भाकरी मन्हापेक्षा चांगल्या करस, आनि कापूस तं दुप्पट येचस. तरी चुल्हापान मीच बसस. ती भाकरी करत बसनी तं कापूस कोन येचई?"

वाहिदनं पुस्तक मिटून तिच्यापुढं सरकवलं. "काकू, परीक्षाले तुमीच बसा," तो म्हणाला. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. तो चहा आणि ती ओसरी आजही आठवली की मला पुढचं काही करवत नाही, नुसतं बसून राहावंसं वाटतं.

त्याच दिवशी त्याला युक्ती सुचली. पुस्तक मधोमध कापायचं. पहिला भाग सिद्धांताचा, दुसरा धोरणाचा. म्हणजे जकाती, आयातबंदी, अवमूल्यन वगैरे. एकेकानं एकेक भाग वाचायचा, टिपणं काढायची आणि जानेवारीत नंदुरबार स्टेशनवर अदलाबदल करायची. मी म्हटलं, "अरे, तू दोन्हींत माझ्यापेक्षा हुशार. तुला माझी काय गरज?" तो म्हणाला, "हाऊच तं सिद्धांत शे, पित्या. आते काकूनी काय सांगं?"

पण कुठला भाग कुणी घ्यायचा? हे ठरलं खांडबाऱ्याच्या बैलबाजारात. वाहिदचे वडील जब्बारचाचा तिथले नावाजलेले दलाल. बाजारात सौदा तोंडानं होत नसे. दोघांनी हातात हात द्यायचा, वरून रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोघांनाच कळणार. आमचा घोळ ऐकून चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

"तोंडवर बोलता मानूसले लाज वाटस," ते म्हणाले. "रुमालखाल हात खरं बोलस. द्या हात."

एक बोट दाबलं तर पहिला भाग, दोन दाबली तर दुसरा. सिद्धांत म्हणजे नुसत्या आकृत्या, डोकेफोड. धोरण त्या मानानं सोपं, आणि त्या साली अवमूल्यनावर प्रश्न येणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी झटकन दोन बोटं दाबली. वाहिदनंही दोनच दाबली. मी पुन्हा दोन. तो थांबला. मग त्यानं माझं एकच बोट हळूच दाबलं, मी पहिला घेतो म्हणून. बाहेरच्यांना वाटलं, दोघांना हवं ते मिळालं. तो मागं सरला हे फक्त माझ्या हाताला कळलं. चाचा म्हणाले, "व्हयना सौदा." नंदुरबारच्या बाइंडरनं पुस्तकाचे दोन तुकडे करून दिले. सुरी चालवताना तो आमच्याकडं असा बघत होता, जणू आम्ही कसायाकडं गाय घेऊन आलोय.

जानेवारी आला. मी शाळेच्या कामाचं निमित्त काढून अदलाबदल महिनाभर पुढं ढकलली. फेब्रुवारीत शहाद्याच्या स्टँडवर कंडक्टर फत्तेसिंगनं मला एक पुडकं दिलं. आत पहिला भाग आणि दीडशे पानी वही. प्रत्येक आकृती पट्टीनं आखलेली. शेजारी सोप्या मराठीत अर्थ, आणि जिथं मी अडेन असं त्याला वाटलं तिथं बारीक अक्षरात, 'इथं काकूंचा कापूस आठव.' सोबत चिठ्ठी होती: 'अब्बांच्या अंगावरून वारं गेलं. मला निघता येत नाही. तुझा भाग फत्तेसिंगबरोबर धाड. रात्री उशाशी बसतो तेव्हा वाचीन.'

मी धाडला नाही.

आज धाडू, उद्या धाडू करत मार्च गेला. मनाला सांगितलं, वाटेत हरवला तर? सांगितलं, माझी वही अजून अपुरी आहे. ही सगळी थापेबाजी होती. खरं कारण एकच: त्याची वही वाचून मला कळलं होतं की त्याला दुसरा भाग मिळाला तर तो माझ्या कितीतरी पुढं जाईल. शहाद्याजवळ नवीन कॉलेज निघणार होतं, अर्थशास्त्राची जागा एकच होती. माझ्याकडच्या भागात, परक्या मालाला दार लावून आपला माल कसा जपावा, यावर एक आख्खं प्रकरण होतं. मी ते वाचत होतो आणि करतही होतो. लाज वाटली का? वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस चांगला वागतोच असं नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुण्याला धर्मशाळेत वाहिद भेटला. वाळला होता. मी पुस्तकाचा दुसरा भाग त्याच्या हातात ठेवला आणि काहीबाही बोललो. त्यानं पानं चाळली, माझ्याकडं बघितलं आणि इतकंच म्हणाला, "चाल, च्या पिऊत." चहाचे पैसे त्यानंच दिले. दुसऱ्या दिवशी पाचांतले तीन प्रश्न धोरणाचे होते आणि पहिलाच अवमूल्यनाचा. पेपर सुटल्यावर त्यानं तो भाग मला परत दिला. मी पास झालो, दुसऱ्या वर्गात. त्यातले निम्मे गुण त्याच्या वहीचे. वाहिद त्या एका पेपरात गेला.

जागा मला मिळाली. अडुसष्टच्या जुलैमध्ये मी पहिल्यांदा वर्गात तो सिद्धांत शिकवला. भाकरी आणि कापसाचं उदाहरण दिलं, पोरं खूष. शेवटच्या बाकावरून उखा नावाचा पोरगा उठला. "सर, एका देशानं माल घेतला आनि आपला धाडलाच नही, तं?"

मी म्हटलं, "असं होत नसतं." मग घंटा झाली म्हणून सुटलो. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पुस्तकाचे दोन्ही भाग पिशवीत घालून मी खांडबारा स्टेशनवर उतरलो. बैलांच्या गर्दीत वाहिद उभा होता, बापासारखाच रुमाल खांद्यावर. बाजूला खाटेवर जब्बारचाचा. त्यांचा उजवा हात गेला होता.

"सर उनात!" वाहिद म्हणाला. "बैल जोयजे का?"

मी काही बैल घ्यायला आलो नव्हतो, पण घरून पाठ करून आणलेली सगळी वाक्यं विसरलो. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी डाव्या हातानं आपला रुमाल ओढला आणि माझ्या अंगावर टाकला. मी वाहिदचा हात धरला, वरून रुमाल टाकला आणि त्याचं एक बोट दाबलं. मी पहिला घेतो, दुसरा तू घे. दोन वर्षांपूर्वी जे त्यानं केलं होतं, ते मी आत्ता करत होतो.

त्याचा हात तसाच राहिला. बैल हंबरले, कुणीतरी भाव ओरडलं, आणि मला वाटलं आता हा हात काढून घेणार. तेवढ्यात त्यानं माझी पाचही बोटं मुठीत धरली आणि अशी आवळली की डोळ्यांत पाणी आलं.

"आख्खं," तो म्हणाला. "दोन्ही भाग. आनि तुन्ही वही बी."

"वही अपुरी शे," मी म्हटलं.

"तं पुरी कर."

ते वर्ष मी पुस्तकाशिवाय शिकवलं, आठवेल तसं. दर रविवारी खांडबाऱ्याला जायचो. चाचांच्या खाटेशी बसून आम्ही जकाती आणि अवमूल्यन घोटायचो. कळत नव्हतं तरी चाचा हुंकार देत राहायचे. माझी वही तिथंच पुरी झाली. ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे.

वाहिदनं परीक्षा पुन्हा सगळी दिली आणि एकोणसत्तरच्या जूनमध्ये निकाल लागला. मला ज्याची भीती होती तेच झालं, वाहिदला पहिला वर्ग मिळाला. क्षणभर हेवा वाटला, नाही म्हणत नाही. मग मी शेरभर पेढे घेतले आणि शहाद्याच्या स्टँडवर दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटलो. फत्तेसिंगनं गाडीतून वाकून विचारलं, "कोन पास व्हयना, सर?"

"वाहिद," मी म्हटलं. त्यानं पेढा तोंडात टाकला, घंटी मारली, गाडी हलली, तेव्हा मी तिच्यामागं दोन पावलं धावत ओरडलो, "आनि मी बी!"