पेटीचं लोकार्पण

सानगडीच्या सेवामित्र क्लबात एक पद्धत होती. सभासदाला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, आधी 'सेवामित्र' लावायचं. जो विसरला त्यानं बैठकीत उभं राहून गाणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटून त्याची फजिती करायची. भाताच्या गिरणीचे मालक चंद्रकुमार अध्यक्ष झाल्यापासून तर ही सवय इतकी हाडीमाशी खिळली, की भर बाजारात "सेवामित्र पुंडलिकराव, वांगे कसे घेतले जी?" असा पुकारा व्हायचा आणि वांगेवाली तोंडाला पदर लावायची. पुंडलिकरावांना मात्र ती हाक गोड लागे. खता-बियाण्याचं दुकान पुतण्याच्या, कैलाशच्या, हवाली केल्यापासून गावात त्यांना विचारणारं दुसरं होतं तरी कोण? एकुलती एक लेक रीता बंगलोरला. घरात ते आणि कौशल्याबाई. क्लबात गेलं की कोट घालता येई, छातीवर बिल्ला लावता येई, चार माणसं उठून हात मिळवत. म्हातारपणी माणसाला याहून जास्त काय लागतं?

क्लबाच्या सेवेचं खरं सांगायचं, तर शिबिरापेक्षा शिबिराचं बॅनर मोठं असे आणि बैठकीपेक्षा नंतरचं जेवण लांब चाले. पण एक काम खणखणीत होतं. पेटी. गावात कोणी गेलं आणि लेकरं पुण्या-हैदराबादेहून यायची असली, की मयत जपून ठेवायची शवशीतपेटी क्लब फुकट देई. काचेच्या झाकणाची, विजेवर चालणारी. ती पुंडलिकरावांच्या गोदामात असे आणि पोचवायला ते जातीनं जात. त्यांचे दोन नेम होते. त्या घरचा चहा घ्यायचा नाही, आणि पेटी बरोबर गार झाली हे काचेला हात लावून पाहिल्याशिवाय उठायचं नाही. पंचक्रोशीतल्या कितीतरी लेकरांनी आईबापाचं तोंड पाहिलं ते या माणसाच्या पायी. हे क्लबाच्या कुठल्या बॅनरवर नव्हतं, पण लोकांच्या मनात होतं.

गेल्या हिवाळ्यात जुनी पेटी कायमची बसली. सभासदांतच वर्गणी काढून नवी मागवली, ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर आली. पांढरीशुभ्र, चाकं लावलेली. सचिव इश्वर मास्तरांनी त्याच दिवशी तिला आडवी लाल फीत बांधली, तिच्याभोवती सगळे उभे राहिले, फोटो निघाला. चंद्रकुमारांनी बैठकीत ठराव मांडला की क्लबाच्या जिल्ह्यातल्या मोठ्या साहेबांच्या हस्ते लोकार्पण झाल्याशिवाय पेटी बाहेर काढायची नाही. वापरलेल्या वस्तूचं लोकार्पण कोण करील? हात वर झाले. पुंडलिकरावांचाही झाला. त्यांना पटलं होतं अशातला भाग नाही, पण सगळ्यांचे हात वर असताना आपलाच खाली ठेवायला जी छाती लागते, ती त्यांच्याजवळ कधी नव्हती.

साहेबांची तारीख मिळाली, हुकली, पुन्हा मिळाली, पुन्हा हुकली. पेटी गोदामात प्लास्टिकमध्ये उभी. बाहेर ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नव्हतं.

अशात एका सकाळी श्यामरावांचा फोन आला. श्यामराव पलीकडच्या टोलीत, त्या लहानशा वस्तीत राहणारे धानशेतीवाले, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. उधारीच्या धंद्यात ज्यांच्यापाशी कधी तगादा लावावा लागला नाही अशा मोजक्यांतले एक.

"पुंडलिकभाऊ, रंभा गेली जी." रंभाबाई म्हणजे त्यांची बायको. "पोरगा, धर्मेंद्र, हैदराबादून निंगाला. उद्या सकारी पोचते. तेवढी पेटी पायजे होती."

पुंडलिकरावांच्या तोंडाशी 'आणतो' आलंच होतं. मग डोळ्यांसमोर फीत आली. फितीमागून चंद्रकुमार आले, बैठक आली, ती सगळ्यांची हसरी तोंडं आली. फितीमुळे देता येत नाही, हे सांगायची तर लाज वाटली. म्हणून ते म्हणाले,

"श्यामराव, पेटी बिघडून आहे ना. अजून सुदरली नाही."

"असं जी?" श्यामराव म्हणाले. "साकोलीची बी दुसरीकडं गेली म्हनतेत. बरं, पायतो मी. मासोळीवाल्याकडून बरफ आनतो."

फोन ठेवून पुंडलिकराव वळले, तर दारात कौशल्याबाई उभ्या.

"काहून खोटं बोलले?"

"ठराव आहे क्लबाचा."

"मानूस मेल्यावर पाहुण्याची वाट पायते का? कापा ना ते फीत."

"तुले नाही समजत त्यातलं."

कौशल्याबाईंनी पुढं वाद घातला नाही. आत गेल्या, शिलाई मशीनच्या खणातली कात्री आणली, गोदामात जाऊन पेटीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मन झालं त कापा." मग भाजी निवडायला बसल्या. पुंडलिकराव दिवसभर गोदामाकडे फिरकले नाहीत. दुपारी एकदा चंद्रकुमारांना फोन लावायला घेतला आणि खिशात ठेवून दिला.

बर्फाच्या लाद्या त्या उन्हात कुठवर पुरणार? संध्याकाळी टोलीतल्या जाणत्यांनी सांगितलं की आता ठेवणं बरं नाही. रंभाबाईंना उचललं. धर्मेंद्र सकाळी पोचला तो थेट मोक्षधामात, तेव्हा राख गरम होती. म्हणे तो राखेपाशी बसून एकच विचारत होता, आईनं नथ घातली होती का, नाकात काय होतं. कोणालाच आठवेना. कैलाशनं ही हकीकत दुकानात ऐकली आणि घरी येऊन सांगितली. पुंडलिकरावांनी ताटातला भात तसाच ठेवला. कौशल्याबाईंनी ताट उचललं, बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बाई मुळात अबोल, पण त्या दिवसानंतरचं तिचं गप्प राहणं पुंडलिकरावांना घरभर लागत राहिलं.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी लोणच्यासाठी कैऱ्या फोडता फोडता कौशल्याबाई म्हणाल्या, "जीव घाबरून राहिला," आणि विळीवरून बाजूला सरकून भिंतीला टेकल्या. पुंडलिकराव पाणी घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं. कैऱ्यांच्या फोडी परातीत, हळद वाटीत, आणि ही बाई भिंतीला टेकून. इतक्या वर्षांचा संसार असा पाण्याच्या पेल्याएवढ्या वेळात आटोपतो, हे त्यांना खरंच वाटेना. पेला हातात धरून ते कितीतरी वेळ "कौशल्या, पानी घे," म्हणत राहिले.

रीताला फोन कैलाशनं केला. ती रडत एवढंच म्हणाली, "दादा, मी येतपर्यंत आईले ठेवजो. मले तोंड पाहू दे." तिला दुसऱ्या दिवशी सकाळचंच विमान मिळत होतं आणि नागपूरहून पुढे रस्ता.

क्लब मात्र धावून आला, हे कबूल करायला हवं. बातमी लागताच एकेक करत सगळे हजर झाले. कोणी मंडप बोलावला, कोणी खुर्च्या, कोणी भटजींना सांगितलं. चंद्रकुमार गिरणी बंद ठेवून आले आणि पुंडलिकरावांना मिठी मारून खरोखर रडले. माणूस वाईट नव्हताच. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पेटी?"

"फीत..." इश्वर मास्तर म्हणाले.

"अरे, आपल्या मानसापुढं फीत कायची? साहेबाले मी सांगतो. आना इकडं पेटी. कैची आहे का घरात?"

कात्री पेटीवरच होती, धूळ बसलेली. चंद्रकुमारांनी तिनं फीत कापली. फोटो कोणी काढला नाही. पेटी ओसरीत आली, वायर लावली, आणि कौशल्याबाईंना आत निजवलं.

पुंडलिकरावांना 'नको' म्हणता आलं असतं. तो शब्द त्यांच्या घशापर्यंत आला होता, यात शंका नाही. पण रीताचं "तोंड पाहू दे" कानात होतं, आणि बाप होते ते. सवयीनं पुढे झाले आणि काचेला हात लावून पाहिला. पेटी गार होत होती. जुनीपेक्षा लवकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमू लागली. श्यामराव आले, सोबत अजून हैदराबादेला न परतलेला धर्मेंद्र, मुंडणावर केस फुटू लागलेले. श्यामरावांनी पुंडलिकरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

"भाऊ, माह्यावर आली तेच तुमच्यावर आली जी." मग ओसरीतल्या पेटीकडे पाहून म्हणाले, "बरं झालं, सुदरली पेटी तुमच्या वेळेवर. कोनाच्या हातची दुरुस्ती होय? नव्यावानी दिसते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नावाला नव्हता. खरंच बरं वाटलं होतं त्या माणसाला. पुंडलिकरावांना वाटलं, याने आत्ता जोड्यानं मारलं असतं तर सोसलं असतं.

धर्मेंद्र पेटीजवळ गेला. काचेवर वाकून कौशल्याबाईंचं तोंड पाहत उभा राहिला. लोक येत होते, नमस्कार करून बाजूला होत होते, पण तो हलेना. कपाळावरचं कुंकू पाहिलं, नाकातली चमकी पाहिली, मिटलेले डोळे पाहिले. परक्या बाईच्या तोंडात तो काय शोधत होता हे ओसरीत दोघांनाच कळत होतं, आणि त्यातल्या एकाची मान वर होत नव्हती.

"ये बेटा, बस इकडं," अखेर श्यामरावांनी त्याला दंडाला धरून नेलं.

रीता आली तेव्हा ऊन चढलं होतं. गाडीतून उतरली ती धावतच. काचेवर गाल टेकून रडली, मग झाकण उघडायला लावलं आणि आईच्या केसांवरून हात फिरवला. "झोपल्यासारखी दिसते ना, बाबा?" ती बापाच्या गळ्यात पडली. "तुमच्या पेटीनं आई भेटली मले." पुंडलिकरावांनी लेकीला थोपटलं. त्यांना रडू फुटेना. ज्या एका गोष्टीसाठी ते मिंधे झाले होते ती हाती आली होती, आणि हातात धरवत नव्हती.

मोक्षधामात सगळं यथासांग झालं. अग्नी रीतानंच दिला. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मग शोकसभा. इकडे माणूस भाषणाशिवाय जळत नाही. पुंडलिकराव लिंबाच्या सावलीत उभे होते. त्यांना एकटं पाहून श्यामराव शेजारी आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

चंद्रकुमार पुढे झाले. कौशल्यावहिनींच्या हातच्या वड्यांबद्दल बोलले, त्यांच्या साध्या स्वभावाबद्दल बोलले. सगळं मनापासून. मग त्यांचा आवाज भरून आला.

"मित्रहो, क्लब म्हणजे काय, ते काल आम्हाला कळलं. नवी पेटी उन्हाळ्याच्या तोंडावरच आली होती. लोकार्पणाशिवाय ती द्यायची नाही असा ठराव होता, आणि सेवामित्र पुंडलिकरावांनी तो प्राणपणानं पाळला. उन्हाळाभर पेटी त्यांच्या गोदामात होती, पण फितीला त्यांनी कोणाचं बोट लागू दिलं नाही. पण काल वेळ आपल्याच माणसावर आली. तेव्हा आम्ही पाहुण्याची वाट पाहिली नाही. मी स्वतः फीत कापली. मित्रहो, याला म्हणतात मैत्री!"

क्लबाच्या माणसांनी माना हलवल्या. एकानं तर टाळीसाठी हात उचलले आणि जागा आठवून खाली घेतले.

खांद्यावरचा हात तसाच होता. पुंडलिकरावांना तो जड झालेलाही कळला नाही, हलका झालेलाही कळला नाही. तो नुसता होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू."

सगळे उभे राहिले. लाकडं तडतडत होती. ही दोन मिनिटं संपूच नयेत, माणसं अशीच उभी राहावीत, कोणी कोणाकडे वळूच नये, असं पुंडलिकरावांना वाटत राहिलं. मग कोणीतरी "ओम शांती" म्हणालं, आणि खांद्यावरचा हात निघाला.

श्यामराव समोर आले. रागावलेले नव्हते. काहीतरी मनाशी जुळवत असल्यासारखे चितेकडे पाहत होते. बोलले ते इतकं हळू, की पलीकडे उभ्या असलेल्या रीतालासुद्धा मुश्किलीनं ऐकू गेलं असेल.

"मले सांगतलं असतं, भाऊ, त म्याच येऊन कापली असती जी फीत. कैची होती माह्या घरी."

मग ते धर्मेंद्रजवळ गेले, त्याला म्हणाले, "चाल बेटा," आणि दोघं फाटकाकडे निघाले. मयतीहून परतताना चावायला म्हणून पारावर ठेवलेला कडुलिंबाचा पाला दोघांनीही घेतला नाही. चंद्रकुमारांनी येऊन पुंडलिकरावांच्या खांद्यावर, बरोबर त्याच जागी, हात ठेवला.

"या, सेवामित्र," ते म्हणाले. "घरी चला."