ओल्या दोरीची वाट

पुराने तिसऱ्यांदा गाव नेले, तेव्हा कुणी रडलेही नाही. माणसे मुकाट्याने चढावर आली आणि मोजणीदार दोरी कधी टाकतो, याची वाट पाहत बसली.

आखणी साधी होती: पाण्यापासून टेकाडापर्यंत एक सरळ वाट, दोन्ही अंगांना घरे. वाटेची रुंदी नव्या नावेच्या पोटावरून ठरली, वर चार बोटे मोकळी. नाव मोजणीदाराचा थोरला भाऊ टेकाडावर बांधत होता. शेते पैलतीरावर होती आणि पीक कापणीला आले होते.

मोजणीदार सकाळी काठापासून सुरुवात करी. दोरी चिखलात लोळून भिजे. दुपारी वर पोहोचेस्तोवर कडकडीत वाळे. भिजलेली दोरी आखडते, हे बापाने त्याला लहानपणीच शिकवले होते. थकलेल्या हातांना ते आठवले नाही.

भिंती कमरेएवढ्या झाल्या. नाव ओंडक्यांवरून घरंगळत खाली आली आणि काठाजवळच्या सहा घरांच्या तोंडाशी अडकली. ओल्या दोरीने आखलेली वाट तिथे रुंदीला वीतभर कमी भरली होती.

थोरला घाम पुसत म्हणाला, “काय रे मोजणीदार, हिला दोन दिवस उपाशी ठेवू का? रोडावेल बिचारी.”

हसण्याचेही त्राण कुणात नव्हते. सहा भिंती पाडून पुन्हा उभारायच्या, तर पीक पैलतीरावरच झडणार. त्यांतल्या अगदी काठच्या घराची म्हातारी भिंतीवर बसूनच म्हणाली, “पाडा खुशाल. मला मात्र उठायला सांगू नका.”

मोजणीदाराने त्या सहांच्या लगेच वरच्या, सातव्या जागेकडे पाहिले. ती त्याची स्वतःची होती. तिच्यामागे नदीपर्यंत मोकळा उतार. बायको कोपरापर्यंत चिखलात हात घालून भिंत लिंपत होती. त्याने तिला दोरीचे सांगितले, सगळे; नाव आता इथूनच वळवावी लागेल, हेही.

“मग आपण कुठे राहायचं?”

“सगळ्यात वर. तिथे दोरी कोरडी होती.”

तिने चिखलातून हात बाहेर काढले. “सरका. भिंत मीच पाडते. तुमच्या हातून तेही वाकडं व्हायचं.”

दुपारी नाव सातव्या जागेतून वळून पाण्यात उतरली, आणि पुढे वाटही तिथूनच रुळली.

परके लोक विचारतात, एवढी सरळ वाट इथेच का वळली? मोजणीदार दोरी उन्हात वाळत घालतो. त्याची बायको रोज भरली घागर घेऊन आख्खा चढ चढते. त्या वळणावर मात्र घागर खाली ठेवते आणि जिथे तिची चूल असती, तिथे घटकाभर टेकते.