तासिलुक ते उमिंगात

मित्रांनो, मी एक जुने, दोन पंख्यांचे विमान आहे. उत्तरेच्या बर्फात, उमिंगात गावच्या धावपट्टीशेजारी मला बांधून ठेवले आहे.

तासिलुक आणि उमिंगात यांच्यामध्ये रस्ता नाही. सव्वा तासाचे अंतर, असे सारे म्हणत. त्यात वारा आणि धुके कोणी धरत नसे. पीठ, औषधे, काडतुसे, पोटुशा बायका, सगळे मी वर्षानुवर्षे नेले. माझी घरघर ऐकली की मुले धावत सुटत.

एका मार्चमध्ये निंगिओक आजी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी तासिलुकला आली होती. तिकडे उमिंगातला तिचा नवरा आक्पालिक अखेरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. निरोप आला आणि त्याच दिवशी वादळ सुटले. मला तासिलुकच्या धावपट्टीवरच दोरखंडांनी जमिनीशी जखडले. जाळ्यातला सील मासाही थोडा धडपडतो. मला तेही करता येईना. आजी माझ्यात येऊन बसली ती उतरेचना.

"आजी, चला. गारठून जाल इथं," वैमानिक तुग्लिक म्हणाला.

"मी उतरले की मला टाकून उडशील. ओळखते तुला. लहानपणी माझे सुके मासे पळवायचास."

"तेव्हा पळायला वाट तरी होती, आजी!"

ती हसली नाही.

रोज रात्री तिला कसेबसे उतरवावे लागे. काही दिवसांनी आभाळ फाकले आणि आम्ही निघालो. पण उमिंगातवर धुके बसले होते. खाली ना धावपट्टी दिसे, ना घरे. मी घिरट्या घालत राहिले. परतीपुरतेच इंधन उरत आले, तेव्हा तुग्लिकने माझ्या रेडिओवरून खाली आक्पालिकच्या घरच्या रेडिओशी संपर्क जोडला आणि बोलायला आजीच्या हाती दिला.

"अहो, ऐकताय ना?"

"घरघर ऐकतोय. छपरावर बसलीयेस की काय?"

"तुमच्या डोक्यावरच आहे. ह्या मेल्या धुक्याला भोक पडेल तर शपथ."

"डोळे बरे झाले म्हणे?"

"झाले. पण बघू काय? धुकं?"

खोकल्यात मिसळलेले हसू आले. "फिरत राहा गं थोडी. आवाज बरा वाटतो."

तुग्लिकने एक फेरी जास्तच मारली. माझे पंख शाबूत, चाके शाबूत, तरी त्या पांढऱ्या भिंतीबाहेर मी अडकले होते. शेवटी वळावेच लागले.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. आम्ही उतरलो, तर धावपट्टीवर आजीची सून एकटीच उभी होती.

"मामंजी पहाटे गेले," ती म्हणाली. "आवाज थांबल्यावरही छपराकडेच बघत होते."

तुग्लिकने रागाने माझ्या चाकावर लाथ हाणली.

"त्याला कशाला मारतोस?" निंगिओक म्हणाली. "ते आलं होतं." मग ती घराकडे चालू लागली.

पुढे मोठी विमाने आली. माझी इंजिने काढून नेली, दोरखंड तेवढे राहिले. मित्रांनो, ज्यांना भेटायचे आहे त्यांच्याकडे आभाळ मोकळे असतानाच निघा. आणि माझ्यात खेळायला खुशाल या. फक्त जाताना दार लावून घ्या. आत बर्फ शिरला की मला तो झटकता येत नाही.