मजीदसाहेबांची भुवई आणि मी

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुनी शिकारी रायफल असले, तरी आत्ता माझ्या पोटात एकही गोळी नाही. माझा बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकवायचा तो लोखंडी दांडा, काढून दुसऱ्या खणात ठेवला आहे आणि माझ्या कपाटाला भक्कम कुलूप आहे. तेव्हा निवांत बसा.

मी ओमानमध्ये बरका गावी राहते. मग मराठी कुठे शिकले, असं तुम्ही विचाराल. त्याचं श्रेय विन्सेंटला. तो वसईचा. मजीदसाहेबांच्या घरी बरीच वर्षं ड्रायव्हर आहे. साहेब शेजारी बसलेले असतात, तो मला पुसत असतो आणि पुसता पुसता माझ्याशी बोलत असतो. साहेबांना मराठी येत नाही, म्हणून साहेबांविषयीही बोलतो.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथली माणसं ताडमाड. माझा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा अक्रोडाचा लाकडी भाग, त्यांच्याच लांब हातांच्या मापाने घडवलेला. मला वाटलं होतं, आपण बर्फातून हरणांच्या मागे हिंडणार. पण आले ओमानला, आणि इथे शिकारीला बंदी. त्यामुळे आजवर माझ्या नावावर एकही हरीण नाही. कागदी निशाणं मात्र ढीगभर आहेत. शेतावरच्या बकऱ्या मला पाहून कानसुद्धा हलवत नाहीत. तरुणपणी मला याची लाज वाटायची. आता बरं वाटतं.

माझे पहिले मालक मजीदसाहेबांचे थोरले भाऊ. खजुराच्या झाडासारखे उंच. त्यांनी मला खांद्याला लावलं की मी त्यांच्या अंगाचाच भाग व्हायचे. गावच्या निशाणबाजीत आमचं नाव होतं. लोक मला हातात घेऊन माझं कौतुक करत, आणि मी नको तितकी फुशारून जात असे. पुढे ते वारले. परवान्याचे सगळे सोपस्कार होऊन मी मजीदसाहेबांकडे आले, आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

मजीदसाहेब मनाने फार मोठे, अंगाने मात्र आटोपशीर. खांद्याला लावलं की माझा दस्ता त्यांच्या काखेत अडकायचा. चापापर्यंत बोट जेमतेम पोहोचायचं. मग माझ्या पाठीवर बसवलेल्या दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून ते कासवासारखी मान पुढे काढायचे. गोळी सुटली की मी मागे येते. तो माझा स्वभाव नाही, मित्रांनो, तो धक्क्याचा नियम आहे. पण मी मागे यायचे, साहेब पुढे आलेले असायचे, आणि दुर्बिणीची कड बरोब्बर त्यांच्या भुवईवर बसायची. भुवईवर अर्धचंद्र उमटायचा. घरी जोहराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मलम लावायच्या.

गोळ्या तर कुठेही जायच्या. दोन वर्षं गावच्या स्पर्धेत साहेब शेवटून पहिले आले. एकदा तर त्यांच्या निशाणावर एकही भोक नव्हतं आणि शेजारच्याच्या निशाणावर एक जास्त होतं. शेजाऱ्याने आभार मानले. ते साहेबांना फार लागलं.

आता दोष कुणाला द्यायचा? साहेबांनी आधी विन्सेंटला दिला. तो गाडी खड्ड्यांतून नेतो, म्हणून दुर्बीण हलते, असं ते म्हणू लागले. खरं सांगते, विन्सेंट मला टॉवेलात गुंडाळून, पेटीत घालून, पेटीला सीटबेल्ट लावून नेत असे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकायच्या, पण हा बैलगाडीच्या वर वेग न्यायचा नाही. त्याची एकच चूक होती. तो माझ्या लाकडाला खोबरेल तेल चोळायचा. वसईला दाराला, केसाला आणि चर्चमधल्या बाकालाही तेच चालतं, असं त्याचं मत. लाकूड चमकायचं, पण मुंग्या यायच्या.

मग साहेबांनी दोष मला दिला. ही म्हातारी झाली, हिची नळी गेली, असं ते चारचौघांत म्हणाले. त्यांचा भाचा ओवेस याचं मत्रहच्या बाजाराजवळ कॉफीचं दुकान आहे. तो म्हणाला, मामा, मग मला द्या. बोल्ट कायमचा जोडून टाकू, भोवती प्लास्टिकची फुलं लावू आणि भिंतीवर टांगू. पर्यटक फोटो काढतील. दुसऱ्याच दिवशी तो टेप घेऊन आला आणि माझी लांबी मोजून गेला. भिंतीत खिळेही ठोकून मोकळा झाला. मित्रांनो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या खांद्याला खांदा लावलेल्या जिवाला खिळ्यावर टांगणार, आणि तेही प्लास्टिकच्या फुलांत! माझ्या नळीतून थंड वारा गेला.

विन्सेंटलाही ते सहन होईना. एक तर त्याच्यावरचा आळ तसाच राहणार होता, दुसरं म्हणजे तो मग गप्पा कुणाशी मारणार? रुवीच्या चर्चमध्ये त्याची कॅन्डिसशी ओळख होती. कॅन्डिस वसईचीच, मस्कतला एका हॉटेलात अकाउंट्स पाहते. कॉलेजात असताना रायफल नेमबाजीत महाराष्ट्राकडून खेळलेली मुलगी. विन्सेंटने तिला गळ घातली. मग धीर करून साहेबांना विनवलं की भिंतीवर टांगण्याआधी हिची एकदा नीट तपासणी होऊ द्या. साहेब म्हणाले, इन्शाल्ला, शुक्रवारी होऊन जाऊ दे. पण त्या दिवशीही गोळ्या अशाच गेल्या, तर संध्याकाळी मत्रह.

शुक्रवारी दुपारी आम्ही गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. पाठीमागे उघडा डोंगर, समोर शंभर मीटरवर कागद. साहेब आले, थर्मास आणि खजुरांचा डबा घेऊन जोहराबाई आल्या, आणि ओवेस पिकअप घेऊन आला, म्हणजे मला लगेच नेता यावं.

कॅन्डिसने आधी माझा बोल्ट मागे ओढून आत गोळी नाही ना ते डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालून पाहिलं. मला ती तिथेच आवडली. नंतर तिने माझा एकेक स्क्रू तपासला. दुर्बिणीच्या पट्टीखालचा एक चक्क हातानेच फिरला, आणि त्याची खाच ओरबाडलेली होती. साहेबांनी विन्सेंटकडे पाहिलं. विन्सेंटने आकाशाकडे पाहिलं. तेवढ्यात जोहराबाईंनी कॉफी ओतता ओतता सहज सांगितलं की पहिल्यांदा भुवई फुटली त्या दिवशी जेवण झाल्यावर साहेबच लोणी लावायची सुरी घेऊन दुर्बीण पुढे ढकलायला बसले होते. ती सुरी अजून वाकडी आहे. साहेबांना एकदम खोकला आला.

मग कॅन्डिसने विन्सेंटकडे एखादा पातळ कागद मागितला. त्याच्या खिशात अल मवालेहच्या मार्केटमधली भाजीची पावती होती. तिने ती माझी नळी आणि लाकूड यांच्या फटीतून सरकवली. ती सरकत गेली आणि मध्येच अडकली. समुद्राकाठच्या दमट हवेने माझं लाकूड त्या जागी फुगलं होतं आणि नळीला टेकत होतं. कॅन्डिस म्हणाली, नळी मोकळी हवी, कुणी एका बाजूने रेटत असलं की दर गोळीला तिची थरथर बदलते. तिने पॉलिशपेपरने तेवढंच लाकूड घासलं. मला गुदगुल्या झाल्या, पण तक्रार कुणाकडे करणार? पावती आरपार गेली. सगळे स्क्रू योग्य त्या पान्याने बसले.

आता खरी परीक्षा. कॅन्डिसने मला बाकावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवलं, कानांवर आवाज अडवणारे मफ लावले, आणि माझ्या लांब दस्त्यामागे ती वाकडीतिकडी होऊन कशीबशी बसली. पहिली गोळी झाडली. थांबली, नळी निवू दिली. दुसरी झाडली. पुन्हा थांबली. साहेब येरझारा घालत होते. ओवेस दोरी काढून तयार होता. तिसरी झाडली आणि विन्सेंट कागद आणायला धावला.

तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून होती. विन्सेंटने डब्यातला एक खजूर उचलून कागदावर ठेवला. तिन्ही झाकली गेली. मग त्याने तो खजूर खाल्ला.

साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, झालं, स्क्रूच दोषी. आणि मोठ्या उत्साहाने स्वतः बसले. मी मनापासून प्रयत्न केला, मित्रांनो, पण पुन्हा तीच काख, तीच कासवाची मान. दोन गोळ्या कागदाच्या कडेला, तिसरी डोंगराला, आणि भुवईवर ताजा चंद्र.

कॅन्डिसने त्यांना डोळे मिटून मला खांद्याला लावायला सांगितलं आणि मग डोळे उघडायला सांगितलं. काय दिसतं? साहेब म्हणाले, काळोख, आणि एका कोपऱ्यात थोडासा डोंगर.

कॅन्डिसने जपून शब्द निवडले. इकडे मालकाला अर्बाब म्हणतात, तसं म्हणून ती बोलली, "अर्बाब, रायफल आजारी नाही. तुमचाही नेम वाईट नाही. ती तुमच्या मापाची नाही, एवढंच. दस्ता चार बोटं कापून घेतला तर बसेल."

तिला खात्री करायला कुणी उंच माणूस हवा होता. विन्सेंट साहेबांहून बुटका. ओवेस उंच, पण त्याने चाप ओढताना दोन्ही डोळे घट्ट मिटले, आणि त्याची गोळी कुठे गेली हे कुणालाच, त्यालाही, कळलं नाही. तेव्हा कॅन्डिसची नजर जोहराबाईंकडे गेली.

जोहराबाई साहेबांहून वीतभर उंच. घरातल्या एकूण एक फोटोत साहेब उभे आहेत आणि त्या बसलेल्या आहेत. त्या आधी नको नको म्हणाल्या. मग त्यांनी थर्मास खाली ठेवला, शेला नीट खोवला आणि डोळे मिटून मला खांद्याला लावलं. माझा दस्ता त्यांच्या खांद्याच्या खळगीत अलगद बसला. गाल लाकडावर टेकला. त्यांनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाल्या की सगळं दिसतंय, गोल, स्वच्छ, कागदावरची माशीसुद्धा. कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी असं धरलं होतं. मी लोखंडाची नसते, तर रडले असते.

कॅन्डिसने श्वास कसा सोडायचा, चाप कसा हळू दाबायचा ते शिकवलं. जोहराबाईंनी तीन गोळ्या झाडल्या. भोकं एका खजुराखाली झाकली नाहीत. दोन खजूर लागले. पण आयुष्यात पहिल्यांदा रायफल हातात घेतलेल्या बाईंनी मारलेली ती भोकं होती.

साहेब कागद उलटसुलट करून पाहत होते. शेवटी जोहराबाईंकडे न बघता त्यांनी कॅन्डिसला विचारलं की कापायला किती वेळ लागतो. विन्सेंटने मान खाली घातली. मीही घातली असती.

तेव्हा जोहराबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "घरातला आरसा तुमच्या मापाने लावलेला आहे. खुंट्या तुमच्या मापाच्या. स्वयंपाकाचा ओटा तुमच्या आईच्या मापाचा, आणि त्या तुमच्याहूनही लहान होत्या. लग्न झाल्यापासून मी वाकतेय. ही एक वस्तू माझ्या मापाची निघाली. ती कापू नका."

वारा सुटला होता. साहेबांनी भुवईवरचं रक्त रुमालाने टिपलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो कुठे जावं ते न सुचल्यासारखा घुटमळला आणि निघून गेला. त्यांनी जोहराबाईंकडे मान वर करून पाहिलं, अगदी नीट, पायापासून डोक्यापर्यंत, जणू उंची आजच लक्षात आली. मग म्हणाले, "खलास. कापायची नाही."

ओवेसने दोरी गुंडाळली. त्याने त्या खिळ्यांना पुढे गलबताचं जुनं चाक टांगलं. फोटो त्याचेही निघतात.

शनिवारी सकाळी विन्सेंटला शिडी आणि ड्रिल घेऊन कामाला लावलं. आरसा वर गेला, खुंट्या वर गेल्या, ओट्याला गवंडी बोलावला. आता साहेबांना दाढी विंचरताना चवड्यांवर उभं राहावं लागतं, आणि ते मुकाट राहतात. साहेबांनी स्वतःसाठी आखूड दस्त्याची हलकी रायफल घेतली. जोहराबाईंनी रीतसर परवाना काढला, वर्षभर कॅन्डिसकडे शिकल्या आणि यंदा गावच्या स्पर्धेत तिसऱ्या आल्या. साहेब सातवे आले. सातव्या नंबराचं त्यांनी इतकं कौतुक करून घेतलं की तिसऱ्या नंबराला पेढे वाटायची पाळीच आली नाही. स्पर्धेत ते मागून जोहराबाईंना इतक्या सूचना देत होते, की पंचांनी त्यांना गाडीत बसवलं.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागते. जुन्या वस्तूला मोडकी म्हणण्याआधी तिचे स्क्रू पाहा, तिला कोंदट जागेतून बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि खोबरेल तेल डोक्यालाच लावा. माझ्यासारखी कुणी उघड्यावर पडलेली दिसली, तर हात न लावता मोठ्यांना हाक मारा. आणि कुणाचं काही जमत नसेल, तर त्याला रागावण्याआधी ते त्याच्या मापाचं आहे का, एवढं बघा. बाकी माझं छान चाललं आहे. फक्त एक काळजी वाटते. माणसं उतारवयात उंचीने थोडी आखडतात, आणि अक्रोडाचं लाकूड काही आखडत नाही. तेव्हा तुम्ही दूध प्या, ताठ बसा आणि जमेल तेवढे उंच व्हा. पुढे कधीतरी मला खांदा लागणार आहे.